चित्रांनी बळकावलेली खोली

सरकारी शाळेत तेवीस वर्षं चित्रकला शिकवणाऱ्या त्या बाईंना मुलं पाठीमागे ‘रंगबाई’ म्हणायची. हेडमास्तरांच्या लेखी मात्र चित्रकला म्हणजे गणिताचा मागे पडलेला धडा पुरा करायला मिळणारा फुकटचा तास. त्याच माणसानं एका सकाळी सगळ्या शाळेसमोर ‘कलेविना जीवन व्यर्थ’ असं भाषण ठोकलं, तेव्हाच कुठेतरी पाणी मुरतंय हे बाईंनी ओळखलं.

एका बड्या संस्थेनं, मुलांना प्रेरणा मिळावी म्हणून, बारा अस्सल तैलचित्रं तीन महिन्यांसाठी शाळेला दिली होती. कोरडी आणि कुलूप लागणारी खोली एकच, चित्रकलेची. बाईंची बाकं, रंगांचे डबे, मुलांची ओली चित्रं वाळत घालायची दोरी, सगळं एका दुपारी जिन्याखाली येऊन पडलं. बाईंनी तक्रार केली, तर हेडमास्तर म्हणाले, मोठी माणसं आहेत, जरा कळ काढा. कळ काढायची ती नेहमी लहान माणसांनीच, हे बाईंना नवीन नव्हतं.

आठवड्यातून वीस मिनिटं मुलांना हात मागे बांधून चित्रांसमोरून रांगेनं फिरवत. त्यातली चार चित्रं खरंच चांगली होती, एवढं बाईंनी मनाशी कबूल केलं. उरलेली कुणाच्या तरी दिवाणखान्यातून उतरवलेली अडगळ. मधोमध लावलेल्या, शिवणकाम करणाऱ्या बाईच्या चित्रात तर उजव्या हाताचा अंगठा चक्क करंगळीच्या बाजूला होता. बाईंनी तो पहिल्याच दिवशी पाहिला आणि तोंड मिटून घेतलं.

महिन्यानं संस्थेच्या ताई फोटोवाल्याला घेऊन आल्या. कोणत्या चित्रातून काय प्रेरणा मिळाली, असं त्यांनी मुलांना विचारलं. उत्तरं हेडमास्तरांनी मुलांकडून आधीच घोकवून घेतली होती. कष्टाची, चिकाटीची, सौंदर्याची. ताई प्रसन्नपणे मान डोलवत होत्या. मग सातवीतल्या, शिंप्याच्या मुलीची पाळी आली.

ती म्हणाली, “अंगठा चुकलाय. अशा हातानं सुई धरताच येणार नाही.”

ताईंनी हसून सांगितलं की कलेकडे असं बघायचं नसतं, बाळ. हेडमास्तर बाईंकडे वळले. “सांगा तिला नीट समजावून.”

बाईंनी त्याच मुलीकडून वर्षभर हातांची चित्रं काढून घेतली होती. त्या म्हणाल्या, “ती बरोबर सांगतेय. मलाही दिसलं होतं. मी घाबरून बोलले नाही.”

ताईंनी चष्मा चढवून चित्र न्याहाळलं, मग हळूच स्वतःचा हात. ते चित्र त्यांच्या सासऱ्यांनी हौसेनं काढलेलं होतं, हे फोटोवाल्याकडून नंतर सगळ्या शाळेला कळलं.

पुढच्याच आठवड्यात भिंतींना ओल आहे असं कारण देऊन संस्थेनं चित्रं परत नेली. हेडमास्तर महिनाभर बाईंशी बोलले नाहीत. बाईंना तेवढीच शांतता लाभली. किल्ली कुणी दिली नाही, तेव्हा त्यांनी ती कार्यालयातल्या खिळ्यावरून स्वतः काढली आणि सातवीच्या मुलींना घेऊन बाकं आत लावली.

हेडमास्तरांबद्दलचा तिटकारा त्यांच्या मनातून कधी गेला नाही. पण बारा वर्षांची पोर जे एका दमात बोलून गेली, ते आपण महिनाभर गिळून बसलो होतो, हे आठवलं की त्या तिटकाऱ्यातला मोठा वाटा त्या मुकाट्यानं स्वतःच्या पदरात घालून घ्यायच्या.