बाग होणार म्हणतात त्या शेतात

पर्यावरणाच्या तासाला मॅडमनी वर्तमानपत्रातली एक बातमी वाचून दाखवली आणि विचारलं, शहरानं निसर्ग उद्यानासाठी जमीन विकत घ्यावी असं कोणाकोणाला वाटतं, हात वर करा. सगळ्या वर्गाचे हात वर गेले. माझाही गेला. मी शेवटून दुसऱ्या बाकावर बसते आणि सहसा कुठल्या प्रश्नाला हात वर करत नाही, पण हा प्रश्न सोपा वाटला. झाडं, पाखरं, चालायला वाट, म्हाताऱ्या माणसांना सावली. नको कोण म्हणेल? मग मॅडमनी बातमीचा राहिलेला भाग वाचला. जमीन कुठली, तर लातूरहून रेणापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला, नव्या कॉलनीच्या मागची, जुन्या दगडी विहिरीची. माझा हात अजून वरच होता. त्याच विहिरीचं पाणी पिऊन मी सकाळी कॉलेजला आले होते.

आमचं शेत असं मी बोलताना म्हणते, पण ते आमचं नाही. शेत अक्कांचं. अक्का म्हणजे लातूरच्या बाजारात, गंजगोलाईजवळ ज्यांचं किराणा दुकान आहे त्या घरातल्या म्हाताऱ्या. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, आवाज दुकानाच्या शेवटच्या फळीपर्यंत पोचणारा. अण्णा, म्हणजे माझे वडील, ते शेत बटईनं करतात. बटई म्हणजे कष्ट आमचे, जमीन त्यांची आणि निघालेल्या मालाचा वाटा. अण्णा आणि माय जळकोटकडच्या डोंगराळ गावातून इथं आले तेव्हा मी मायच्या कडेवर होते. शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतघरात, दोन खोल्या आणि पुढं पत्रा, तिथंच मी वाढले. पहिलीत गेले तेव्हा आजूबाजूला सगळी ज्वारी, हरभराच होता. आता तीन बाजूंनी कॉलनी आली आहे. आमच्या कुंपणाला लागून लोकांच्या गच्च्या आहेत आणि संध्याकाळी त्यांच्या टीव्हीवर काय चाललंय ते आम्हाला बाहेर बसून कळतं.

घरी जाऊन मी अण्णांना वर्गातलं सगळं सांगितलं. ते बैलाला कडबा टाकत होते. त्यांना बातमी आधीच माहीत होती, अक्कांनी सांगितलं होतं. शहराकडून विचारणा आली आहे आणि दुसरीकडं अक्कांचा मुलगा प्लॉट पाडायचं म्हणतो आहे. त्याला मी भैया म्हणते. भैया वाईट माणूस नाही. एवढी कॉलनी झाल्यावर मध्येच एक शेत कशाला ठेवायचं, हे त्याचं म्हणणं आणि दुकानात बसणाऱ्या माणसाला ते वाटणारच. अक्कांनी अजून दोघांनाही होय म्हटलं नव्हतं.

मी म्हटलं, मी हात वर केला. अण्णांनी पेंढी खाली ठेवली आणि म्हणाले, बरं केलंस, गप बसायला का फी भरलीय आपण? मग हसले आणि पुन्हा कडब्याकडं वळले. मला मात्र त्या रात्रीचं जेवण गेलं नाही. प्लॉट पडले तर आम्हाला उठावं लागणार होतं. बाग झाली तरी उठावं लागणार होतं. मी ज्यासाठी हात वर केला होता त्यात आमच्या घराचं काय, हे विचारलंच गेलं नव्हतं. आणि तरीही कोणी पुन्हा विचारलं असतं तर हात खाली घ्यावा असं मला वाटत नव्हतं. हेच मला कोणाला नीट सांगता येत नव्हतं.

कारण मी बाग पाहिली होती. गेल्या वर्षी आम्हाला एका स्पर्धेसाठी नांदेडला नेलं होतं. दुपारी मोकळा वेळ होता म्हणून आम्ही चौघी मुली एका बागेत गेलो. फाटकावर तिकीट होतं, आत गवतावर बसू नये अशी पाटी होती. बसायचं नाही असं गवत मी पहिल्यांदाच पाहिलं आणि मला हसू आलं. पण थोड्या वेळानं एक बाई आपल्या सासूला हाताला धरून घेऊन आली. ती म्हातारी बाकावर बसली, चप्पल काढली, पाय लांब केले आणि वर झाडाकडं बघत राहिली. आमच्यातल्या एकीनं, काय बघताय आजी, असं विचारलं तर ती म्हातारी म्हणाली, घराला खिडकी हाय पण तिच्यातून भिंतच दिसती. मला आमच्या आखाड्यापुढचं आभाळ आठवलं. ते मला कधी मागावं लागलं नव्हतं.

मग येळवस आली. बाहेरच्या माणसाला सांगायचं तर मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं सगळं शहर शेतात जेवायला जातं. दुकानं बंद, रस्ते मोकळे, जिल्ह्याला सुट्टी. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात जातो आणि ज्याला नाही तो दुसऱ्याच्या. कोणाच्याही शेतात गेलं तरी तू कोण, कोणाचा असं कोणी विचारत नाही, आधी पत्रावळी पुढं येते. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपी, उभी करतात, आत चुना लावलेले पाच दगड मांडून पूजा करतात, आणि पिकाभोवती आंबील शिंपडत फिरतात. फिरताना म्हणायचे शब्द कानडी आहेत. त्यांचा अर्थ आमच्यात कोणाला नीट सांगता येत नाही, पण ते चुकलेले मात्र लगेच सगळ्यांना कळतात.

माय दोन दिवस आधीपासून भज्जीच्या तयारीत होती. भज्जी म्हणजे तळलेली नव्हे, सगळ्या ओल्या शेंगांचे दाणे आणि पालेभाज्या बेसनात शिजवलेली. सोबत बाजरीच्या पिठाचे वाफवलेले गोळे, म्हणजे उंडे, खीर आणि मडक्यात आंबील. अक्कांकडचे सगळे आले, त्यांचे पाहुणे आले, कॉलनीतली तर निम्मी घरं आली, कारण त्यांना दुसरं जवळचं शेतच उरलेलं नव्हतं. ज्वारी पोटरीत आली होती, हरभरा घाट्यावर होता. पूजा होऊन पंगत बसली तेवढ्यात कुंपणापाशी एक गाडी थांबली आणि एक साहेब उतरले. हातात नकाशाची गुंडाळी.

ते कोकणाकडचे होते आणि नुकतेच बदलून आले होते, हे नंतर कळलं. बागेची जागा बघायला आले होते. सुट्टीचा दिवस आहे, शहरात चिटपाखरू नाही, तेव्हा शेतात तर कोणीच नसेल, शांतपणे बघून घेऊ असा त्यांनी विचार केला होता. आणि पाहतात तर शंभरेक माणसं शेतात मांडी घालून बसलेली. ते तिथंच थबकले. मग घसा साफ करून म्हणाले, "हे बघा, अजून काहीच ठरलेलं नाही. तुमची हरकत असेल तर ती ऐकून घेतली जाईल. असं जमून बसायची गरज नाही."

क्षणभर कोणाला काही समजलं नाही. मग अक्का पंगतीतूनच म्हणाल्या, "हरकत हाय ना साहेब. भज्जीत मीठ कमी पडलंय." अख्खी पंगत हसली. माय लाजली. मीठ खरंच कमी होतं. साहेबांना कोणीतरी हाताला धरून बसवलं, पत्रावळी पुढं आली, आणि नकाशाची गुंडाळी माझ्याकडं सांभाळायला दिली गेली.

जेवता जेवता त्यांनी हळूहळू सगळं विचारून घेतलं. येळवस म्हणजे काय ते कळल्यावर त्यांनाही हसू आलं. मग त्यांनी पंगतीला विचारलं की इथं बाग झाली तर आवडेल का. सगळ्यांनी आवडेल म्हणून सांगितलं. एकानं तर जॉगिंग ट्रॅकला गिट्टी नको, माती ठेवा असंही सुचवलं. साहेब म्हणाले, दिसतंच आहे, तुमचं या जागेवर प्रेम आहे. आणि मग अगदी सहज विचारलं, "एरवी इथं कोण कोण येतं?"

 कॉलनीतले एक काका भज्जीत उंडा कुस्करत राहिले. एरवी कोणीच येत नाही. कुंपण लोकांच्या गच्च्यांना लागून आहे, पण वर्षभर इथं पाय ठेवणारे आम्ही तिघं आणि दोन बैल.

माय आंबील वाढत होती. ती थांबली आणि तिनं साहेबांना विचारलं, बाग झाल्यावर येळवशीला बसायचं कुठं? बागेतच बसा की, साहेब म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, तसं बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, पण नियम बदलता येतात. भैया म्हणाला, त्यापेक्षा प्लॉट घ्या मावशी, गच्चीवर कोप करा. पुन्हा हशा झाला. पण अक्का हसल्या नाहीत. त्या पाणी प्यायल्या आणि अण्णांकडं बघून म्हणाल्या, "तू का बोलंना झालास?"

अण्णा वाढायला उभे होते. ते म्हणाले, "जमीन तुमची हाय, अक्का."

"ती माझी हाय ते मला ठाव हाय. तुझं इचारलं मी."

अण्णांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "प्लाट पडले तरी मला उठायचंय, बाग झाली तरी उठायचंय. मला काय, दोन्ही सारखंच. पण हिनं कालेजात हात वर केलाय. हिलाच इचारा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या हातात साहेबांचा नकाशा होता. वर्गात पाचपन्नास जणांत मी कधी उभी राहून बोलले नव्हते आणि इथं शंभर माणसं होती, सगळी माझ्या मायच्या हातचं जेवत होती.  मी म्हटलं, शहरानं जमीन घ्यावी. प्लॉट पडले तर हे शेत परत कधीच कोणाचं होणार नाही. मग मला पुढचं सुचेना. भैया म्हणाला, बघा, आपल्याच घरावर नांगर फिरवायली पोरगी. तो गमतीनं म्हणाला होता, पण मला ते लागलं. त्यामुळंच बहुतेक पुढचं बोलता आलं.

"घ्यावी, पण पेरणं बंद करू नये," मी म्हटलं. "झाडं लावा, वाट करा. पण मधलं शेत शेतच राहू द्या. लोकांना चालताना ज्वारी दिसू द्या. आणि पेरणारा माणूस आत राहू द्या."

साहेबांनी मान हलवली, पण होय म्हणून नव्हे, विचार करताना हलवतात तशी. म्हणाले, उद्यानात शेती असं त्यांनी कुठं केलेलं नाही. वर मांडून बघतो, पण शब्द देत नाही. मला ते बरं वाटलं. शब्द दिला असता तर मला खरं वाटलं नसतं.  जाताना अक्कांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडीत बसताना भैयाला ऐकू जाईल असं म्हणाल्या की पोरीच्या म्हणण्यावर शहराचा जाब, म्हणजे उत्तर, येईपर्यंत प्लॉटवाल्याला दुकानाची पायरी चढू देऊ नको.

त्यानंतर काही दिवसांनी कॉलनीतले ते काका सकाळी कुंपणापाशी येऊन उभे राहिले. बांधावरून चालू का, असं त्यांनी विचारलं. अण्णांनी बाभळीच्या काट्या थोड्या बाजूला केल्या. मग त्यांची बायको यायला लागली, मग आणखी दोघं तिघं. शेळ्या आत येतात म्हणून अण्णा सगळे गेले की काट्या पुन्हा ओढून घेतात, आणि थोडं करवादतात. एका सकाळी एका आजींना विहिरीच्या कट्ट्यावर बसून चप्पल काढताना पाहिलं तेव्हा मला नांदेडची ती म्हातारी आठवली.

जाब अजून आलेला नाही. कधी वाटतं, मी जे बोलले ते कुठंच होत नसेल, आणि कोणी शिकलेला माणूस मला समजावून सांगेल की असं का होत नाही. कधी वाटतं, मी फक्त आमचं घर वाचवायला बोलले आणि त्याला बागेचं नाव दिलं. हे दोन्ही थोडं थोडं खरं असेल. पण त्या खिडकीतून भिंत दिसणाऱ्या घराचं काय करायचं, हा प्रश्न त्यामुळं खोटा ठरत नाही, असं मला वाटतं. मॅडमनी याच विषयावर लिहून आणायला सांगितलं आहे. मी दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा पहिल्या परिच्छेदात अडकले, कारण तिथं मी कोण ते लिहावं लागतं.

ज्वारी काढून झाली. अण्णा एकदा रेणापूरकडं एक शेत बघून आले, बटईनं मिळतंय का म्हणून. मला त्यांनी ते सांगितलं नाही, मायनं सांगितलं. आणि परवा ते पत्र्याखाली बसून दरवर्षीसारखी भरलेली कणसं निवडत होते. चांगली चांगली बियाण्याला बाजूला काढायची, जुडी बांधायची, आढ्याला टांगायची. मी जवळ जाऊन बसले आणि विचारलं, ही कुठं पेरायची?

त्यांनी एक कणीस हातात फिरवून बघितलं, दाणा दाबला आणि जुडीत घातलं.

"तू हात वर केलास ना," ते म्हणाले. "आता खाली घेऊ नको. धर ही सुतळी."

मी सुतळी धरली. त्यांनी गाठ मारली आणि जुडी आढ्याला टांगली.