चालू गाडीची तार

बाणकोटचा इसहाक सौदीतल्या दम्माममध्ये एका कफीलाच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या अरब मालकाच्या, घरी सव्वीस वर्षं ड्रायव्हर. गाडीचं दुखणं तो नुसतं कान लावून ओळखायचा. अल्टरनेटर बॅटरीत वीज भरतो की नाही, हे बघायची त्याची एकच रीत. गाडी चालू ठेवायची आणि बॅटरीची तार उपसायची. धडधडत राहिली तर ठीक, बंद पडली तर अल्टरनेटर मेला. रीत कधी चुकली नाही, म्हणून माणूस जरा चढला होता.

दुसरा ड्रायव्हर हाशिर, खाडीपलीकडचा, तिशीतला. त्याने वीज मोजायचं मीटर काढलं की इसहाक सगळ्या नोकरांदेखत म्हणायचा, "कान नाहीत त्याने मीटर लावावं. पोराचं तोंड बघायला जाशील तेव्हा त्यालाही लाव." आठ महिन्यांचं पोर हाशिरने अजून फोनवरच पाहिलेलं. तोही हसायचा. हसला की विसरला, असं इसहाकला वाटायचं.

सुट्टी एका वेळी एकालाच. दोघांनी मागितली, मिळाली इसहाकला. सोमवारचं विमान, शुक्रवारी त्याच्या लेकीचा, अफशाँचा निकाह. चार वर्षांनी घर.

शनिवारी सकाळी बाईसाहेबांची नवी गाडी सुरूच होईना. कफील म्हणाला, "बघ काय झालंय. ठीक झाली की जा."

जुन्या गाडीवरून वीज देऊन इसहाकने ती सुरू केली, जोडलेल्या तारा काढल्या आणि हाशिरकडे हात केला. "पाना दे. आज मीटर नाही काढलंस?"

"तुमच्यापुढे कशाला, चाचा? तुम्हाला कान आहेत."

इसहाक खूश झाला, बाई. भोळा नव्हे, खूश. त्याने तार उपसली. आतले सगळे दिवे एकदम भडकले आणि गाडी गप्प झाली. जळका वास आला. पुन्हा वीज दिली, तरी हूं नाही की चूं नाही.

"नव्या गाडीत कॉम्प्युटर असतो," हाशिर हळूच म्हणाला. "चालू गाडीची तार काढली की वीज उसळते, तो जळतो. काल मी मीटर लावलं होतं. चौदा व्होल्ट. अल्टरनेटर ठणठणीत होता, बॅटरी तेवढी गेलेली."

"मग बोलला का नाहीस?"

"माझं ऐकलं असतंत?"

कफील ओरडलासुद्धा नाही. "इसहाक, सुट्टी खलास. हाशिर जाईल."

फोनवर बायकोने, मुन्नीने, एवढंच विचारलं, "मग निकाहात बापाच्या जागी वली म्हणून कोण बसणार?"

"कादिरला बसव," इसहाक म्हणाला. कादिर त्याचा धाकटा भाऊ.

सोमवारी जुन्या गाडीतून हाशिरला विमानतळावर सोडायला इसहाकच गेला. अफशाँसाठी घेतलेली लाल ओढणी त्याने पिशवीत घालून दिली. हाशिरने मीटर त्याच्या हातात ठेवलं. "असू दे, चाचा. आता लागेल."

शुक्रवारी हाशिरनेच व्हिडिओ पाठवला. लाल ओढणीतली अफशाँ कसंबसं म्हणत होती, "अब्बा, तुमची ओढणी घातली." मागून हाशिरचा आवाज आला, "हळू बोललीस तरी चालेल गं, तुझ्या अब्बांना कान आहेत." सगळे हसले. मुन्नी सगळ्यांत मोठ्याने. तिला बिचारीला काय ठाऊक.

इसहाकने फोनचा आवाज बंद केला आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.