कुत्र्याची अकोल्यातली परीक्षा

मागच्या हिवाळ्यात घरातल्या कोणावरच माझा विश्वास उरला नव्हता. कारण आमचा लॅब्राडोर जाड होत चालला होता.

जाड होणं एरवी आमच्या घरात गुन्हा नाही. असता तर पहिला आरोपी मीच. पण हा कुत्रा परीक्षेला बसणार होता. अकोल्याला कुत्र्यांच्या आज्ञापालनाची स्पर्धा होती. मालकाच्या पायाशी चालायचं, सांगितलं की बसायचं, पडून राहायचं आणि शेवटी मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून हाक आली की सरळ मालकापुढे येऊन बसायचं. एका जरी प्रकारात शून्य मिळालं की प्रमाणपत्र गेलं.

दिवाळीनंतर आई त्याला अमरावतीच्या आमच्या गल्लीत फिरवत होती. समोरून डुक्कर गेलं, डुकरामागे कुत्रा गेला आणि साखळी हाताला गुंडाळलेली म्हणून कुत्र्यामागे आई. मनगट मोडलं. आई प्लास्टर घालून घरी आली त्याच संध्याकाळी मोर्शीहून बायकोचे थोरले भाऊ भेटायला आले. त्यांचा संत्र्याचा बगीचा आहे.

"जवाईबुवा, याले फ्लॅटमदी काहून कोंडून ठेवता? द्या मले. बगीच्यात राहीन हा, वांदरं तरी हाकलीन."

आई म्हणाली, "माह्याजवळ आणू नोको त्याले."

आता काहीतरी बोलायलाच हवं होतं, म्हणून मी शब्द देऊन बसलो: अकोल्याचं प्रमाणपत्र मिळालं तर कुत्रा इथे, नाही तर मोर्शीला. शब्द देताना मी कुत्र्याकडे पाहिलं. तो माझी चप्पल खात होता.

मोबाइलवर व्हिडिओ पाहून मी शिकवायला लागलो. तत्त्व सोपं होतं. कुत्र्याला अर्धपोटी ठेवायचं, म्हणजे उकडलेल्या कलेजीच्या तुकड्यासाठी तो काहीही ऐकतो. दोन आठवडे ऐकलंही. मग तो तुकडा हुंगून तोंड फिरवू लागला, पंगतीत तिसऱ्यांदा आग्रह झालेल्या पाहुण्यासारखा. याचा अर्थ कोणीतरी चोरून खाऊ घालत होतं.

एका सकाळी मी गुडघे टेकून त्याचं तोंड हुंगलं. तुपाचा वास आला. आमच्या घरात तुपाची बरणी बायकोच्या ताब्यात असते, आणि कुत्रा हवा होता तिच्या भावाला. मला सगळं लख्ख दिसलं.

"तू याले काही देतेस का?"

"मले सोताले गरम पोई भेटत नाही, अन् याले देऊ?"

"तुह्या भावाले कुत्रा पायजे."

"कुत्र्यापेक्षा तुमीच जास्त फुगून राहिले. संशयानं."

हे उत्तर मला फारच तयारीचं वाटलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून एक वाजता अचानक घरी आलो. बायको तिच्या शाळेत होती. आई खुर्चीवर डोळे मिटून बसलेली, कुत्रा तिच्यापासून चार हात लांब झोपलेला. बायको जाताना काहीतरी लपवून ठेवून जात असणार, असा निष्कर्ष काढून मी सोफ्याखाली हात घालून पाहिला. माझाच मोजा सापडला.

अकोल्याला आम्ही तिघं आणि कुत्रा गेलो. आईच्या हाताचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. मैदानावर एक गृहस्थ जर्मन शेफर्डशेजारी उभे राहून सारखे खिशात हात घालत होते. रिंगणात खाऊ न्यायला बंदी होती, म्हणून मी त्यांच्याजवळ जाऊन हळूच वास घेतला. सुपारी होती. त्यांनी मलाही दिली. तेवढ्यात मेहुणे पिकअप घेऊन पोचले. मागच्या हौद्यात कोरी साखळी होती.

आमचा नंबर सगळ्यात शेवटी, बाराच्या सुमारास आला. कुत्रा पायाशी चालला, बसला, पडून राहिला. इतकं नीट की मला त्याचाही संशय यायला लागला. उरली होती हाक. त्याला बसवून मी दुसऱ्या टोकाला गेलो. परीक्षकांनी खूण केली, मी ओरडलो, "ये."

तो उठला. कान उडवत सरळ माझ्याकडे आला, आणि वेग जराही कमी न करता माझ्या उजवीकडून पुढे गेला.

मी वळून पाहिलं. दोरीपलीकडे आई घडीच्या खुर्चीवर, मांडीत डबा उघडून बसली होती. तूप लावलेल्या पोळीचा घास तिच्या तळहातावर होता आणि तळहात कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर. तो तिच्यापुढे ताठ बसला, अगदी नियमात लिहिल्याप्रमाणे. आईनं त्याच्या डोक्याला हात लावून घास दिला. मग स्वतः जेवायला लागली.

परीक्षक मला म्हणाले, "कुत्ता तो अच्छा है. आप ही मालिक हैं ना?"

हाकेत शून्य मिळालं.

"आई, हे कधीपासून?"

"पहिला घास मुक्या जीवाचा काढल्याबिगर मी कदी जेवली का? गावात होती तवा गाय होती. फ्लॅटमदी कुठून आणू गाय?"

"अन् तुले तर त्याचं भेव वाटे."

"वाटे. जेवाच्या येळी नाही वाटे."

मेहुणे साखळी घेऊन आले. आईनं त्यांच्याकडे न पाहता डब्याचं झाकण पोळी ठेवून पुढे केलं. "साखळी ठेवा गाडीत, अन् जेवाले बसा. कुत्रा येत नाही."

"पण मावशी, जवाईबुवांनी शब्द देला होता."

"देला असन. मले कोनी इचारलं? हात माहा मोडला होता."

मेहुणे दोन पोळ्या जेवले आणि रिकामी साखळी घेऊन मोर्शीला गेले.

परतताना आई आणि कुत्रा मागच्या सीटवर. शेजारी बायको खिडकीकडे तोंड करून. माफी कोणी मागायची हे तिच्या वळवलेल्या मानेवरून स्पष्ट होतं. मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत मी ती मागितली. मग आरशात पाहून आईला विचारलं, "डबा बरोब्बर आपल्याच नंबराले उघडला?"

"साखरेच्या गोळीची येळ झाली होती."

"तुही गोळी साडेबाराले असते. तवा तर बाराच वाजले होते."

"बाबू," आई म्हणाली, "समोर पाहून गाडी चालव."