लेखकांच्या घरातली सून

आमच्या महिला मंडळाच्या नाटकात सगळं घरच लेखकांचं होतं. सासरा कादंबऱ्या लिहायचा, थोरला मुलगा कविता करायचा, धाकटा वर्तमानपत्रात लिहायचा, आणि एकमेकांचं लिहिलेलं कोणीच वाचायचं नाही. सासरा व्हायच्या मंडळाच्या मॅडम, सौसरच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. नाटकही त्यांनीच लिहिलेलं. थोरला मुलगा म्हणजे आमच्या घरमालकीण काकू, धाकटा म्हणजे पोस्टातल्या ताई. तिघींना काजळाच्या मिशा. आणि सून मी.

नवरा बोरगावच्या कंपनीत लागला म्हणून आम्ही साताऱ्याकडून इतक्या लांब, मध्य प्रदेशात आलो होतो. पहिले पंधरा दिवस मी खोलीत नुसती रडत बसायचे. काकूंनीच एका संध्याकाळी हाताला धरून मंडळात नेलं. ते उपकार मी विसरणार नाही. पण तिथंच चूकही झाली. इथल्या बायकांची शाळा हिंदीतून झालेली, घरात बोलणं वऱ्हाडी. माझी तिकडची मराठी ऐकून ताई म्हणाल्या, "हिची भाषा त पुस्तकातल्यावानी हाय. लय शिकेल असशीन व तू?"

मी म्हणाले, दहावी.

शाळा मी पाचवीत सोडली, धाकटी भावंडं सांभाळायला. वाचता अगदीच येत नाही असं नाही, अक्षर लावून लावून येतं. जोडाक्षर आलं की अडते. एका शब्दानं काय होतंय, असं वाटलं होतं. तो एक शब्द मला पुढे तीन महिने निस्तरावा लागला.

कारण नाटक लेखकांचं, म्हणजे रंगमंचावर प्रत्येकाच्या हातात कागद. मॅडमनी जाहीर करून टाकलं की पाठांतर करायची गरजच नाही, कागदावर बघून बोला. बाकीच्या खूश झाल्या. माझी मात्र पंचाईत झाली. मी कागद घरी न्यायचे. नवरा पाळीवर गेला की दार लावून एकेक ओळ लावायचे आणि पाठ करायचे. कुठल्या शब्दावर पान उलटायचं, तेही पाठ. तालमीत मान खाली घालून डोळे डावीकडून उजवीकडे फिरवायचे. सगळ्यांत अवघड शेवटचं पत्र. सून पहिल्यांदा काहीतरी लिहिते आणि सगळ्यांना ऐकवते, की मी हे घर सोडून जात आहे.

सौसरचा प्रयोग नीट पार पडला. पांढुर्ण्याच्या मंडळानं बोलावलं. निघायच्या दिवशी सकाळी मॅडमनी माझ्या हातात नवं पत्र दिलं. सुनेनं घर सोडलं हे बघायला आलेल्या बायकांना पटलं नाही म्हणे. आता ती राहते, फक्त लिहायला स्वतःचं टेबल मागते. बाकीच्यांचीही शेवटची वाक्यं बदललेली. "तुले काय," मॅडम म्हणाल्या, "कागदच त वाचाचा आहे."

वाटेत जामसांवलीच्या मारुतीपाशी गाडी थांबली. सगळ्या दर्शनाला उतरल्या. काकू बौद्ध, त्या गाडीतच बसून राहिल्या, संत्री सोलत. मी तो कागद मांडीवर घेऊन बसले. अक्षरं हलत होती. काकूंनी फोडी पुढे केल्या, खाऊन घे म्हणाल्या, तोंड उतरून राहिलं तुहं. काकू, मला वाचता येत नाही, एवढंच बोलायचं होतं. तोंडापर्यंत आलं. मग वाटलं, हे माणूस मला लेकीसारखं वागवतं, ते दहावीवाल्या मुलीला की मला? मी फोड तोंडात घातली.

दुपारी प्रयोग. शेवटच्या प्रवेशात मी उभी राहिले. पहिल्या दोन ओळी कशाबशा वाचल्या. तिसऱ्या ओळीत 'स्वातंत्र्य' आलं. त्या शब्दापाशी मी थांबले. मागून कोणीतरी म्हणालं, आवाज येऊन नाही राहिला. मग माझ्या तोंडातून आपोआप जुनं पत्र सुरू झालं. पूर्ण, न अडखळता. मी हे घर सोडून जात आहे. मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. ताईंनी मात्र हातातल्या कागदावरचं ठणठणीत वाचलं: "वहिनी राहिल्या, फार बरं झालं."

हॉल हसला. पडदा ओढला तरी हसणं थांबेना.

परतताना गाडीत कोणी मला रागावलं नाही, उलट सगळ्या समजावत होत्या. मी भ्याले, गडबडले, होतं असं. काकूंनी पाठीवर हात ठेवला. आणि मॅडम खिडकीशी बसून, मिशी पुसत, म्हणाल्या की चूक माझी आहे, ऐनवेळी कागद बदलायला नको होता. मी सुटले होते. गप्प बसले असते तर कोणाला कळलंही नसतं. पण त्या म्हाताऱ्या बाईनं माझी चूक आपल्या अंगावर घेतलेली मला ऐकवेना. मी म्हणाले, "मॅडम, मी पाचवीच शिकले आहे. मला भराभर वाचता येत नाही."

ताई म्हणाल्या, "बाप्पा. म्हणून त पोस्टाचा फॉर्म तू घरी नेत होती." काकूंचा हात पाठीवरून निघाला, पुन्हा ठेवला गेला नाही.

मॅडम चिडून बोलल्या. "पाचवीचं काही नाही व. सकाळी सांगतलं असतं, त म्या जुनंच पत्र ठेवलं असतं. एका वाक्याचं काम होतं."



चार दिवस काकू कामापुरतंच बोलल्या. खोली सोडा म्हणतील, या भीतीनं मी नवऱ्यालाही काही सांगितलं नाही. पाचव्या दिवशी तालमीची वेळ झाली तेव्हा त्यांनी जिन्याखालून हाक मारली, "येऊन राहिली का नाही?" मी चप्पल घालून निघाले.

मॅडमनी मला बघितलं आणि फक्त एवढं सांगितलं की मी आपणहून विचारणार नाही, अडलं की तू बोलायचं. मग नवे कागद वाटले. माझ्या पहिल्याच वाक्यात एक शब्द लागेना. सगळ्या वाचायला लागल्या होत्या. हात वर करायला मला फार वेळ लागला. केला.