शेवटाकडून वाचलेली कादंबरी

माझी ताई पुस्तकं शिवते. कपडे नव्हे, पुस्तकं. वाचनालयातली खिळखिळी पुस्तकं आमच्या दुकानात येतात. ती उसवायची, फाटकी पानं चिकटवायची, पुन्हा शिवून नवा पुठ्ठा चढवायचा. मी पुठ्ठे कापते आणि तोंड चालवते. एकत्र दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्याला आम्ही फर्मा म्हणतो. सगळ्यात फाटका फर्मा ताई आधी हाती घेते, आणि खळ वाळेपर्यंत तो समोर ठेवून वाचते. गोष्टीचा क्रम गेला खड्ड्यात.

भावजींचं घर सोडून ती माझ्याकडे आली, त्यानंतर एक जुनी प्रेमकादंबरी दुकानात आली. लोकांनी रडून रडून शेवटच्या फर्म्याच्या चिंध्या केलेल्या. त्यामुळे ताईने नायिकेचं मरण आधी वाचलं. मग नायकाने तिच्यापायी सगळ्यांचं वाटोळं केलं ते. पहिली भेट सगळ्यात शेवटी. तिथे तो म्हणतो, तुझ्याशिवाय मला श्वास घेता येत नाही. बायका त्या पानावर विरघळतात म्हणे. ताईच्या अंगावर काटा आला.

"मेला राक्षस आहे," ती म्हणाली आणि डोळे पुसत पुन्हा तेच पान काढून बसली. मी म्हटलं, राक्षस आहे तर रडतेस कशाला? तर म्हणे, इतकं प्रेम कुणी कुणावर केलं नसेल गं. मला अस्सा राग आला! भावजीही प्रेमच करायचे. कामावर जाताना बाहेरून कुलूप लावायचे, तू कुठे गेलीस तर मी वेडा होईन म्हणायचे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना कौतुक, काय जीव लावतो बायकोला. तिला ताप चढला तेव्हा याच शेजाऱ्यांकडे खिडकीतून पाणी मागावं लागलं होतं.

पुस्तक शिवून झालं त्या दुपारी भावजी दुकानाच्या दारात उभे. खंगलेले, दाढी वाढलेली. घरी चल म्हणाले, तुझ्याशिवाय घास गिळवत नाही, कुलूप फेकून दिलंय. मी चांगलंच तोंडसुख घेणार होते, पण ताईने हातानेच मला गप्प केलं आणि आतल्या खोलीत जाऊन कडी लावली. त्यांनी हाक मारली. मग आणखी एकदा, तिच्या लाडाच्या नावाने. मलासुद्धा त्यांची दया आली, खोटं कशाला बोलू.

आतून ताई म्हणाली, "माझा जीव आहे तुमच्यावर. पण मी येणार नाही. जा तुम्ही."

ते आल्या पावली परत गेले. सुटली एकदाची, मला वाटलं. दार ठोठावून सांगितलं, गेले गं ते. ताई बाहेर आली ती माझ्या गळ्यात पडून हमसून हमसून रडायला लागली. पाठीवरून हात फिरवत मी म्हटलं, बरं केलंस, शहाणी माझी.

"कसली शहाणी," ती म्हणाली. "आणखी एक हाक मारली असती ना, तर गेले असते मी."