उषाने शिवलेलं विमान

उषा शेळके बोईसरजवळ सालवडला राहते. नवरा कैलास तारापूर एमआयडीसीत फिटर. दोघं मूळची पारनेरकडची. लग्न झाल्या झाल्या कामासाठी इकडे आली आणि इथलीच झाली. घराच्या पुढच्या खोलीत उषाचं शिलाई मशीन आहे. कामगारांचे बॉयलर सूट, शाळेचे गणवेश, फॉल-पिको, जे येईल ते ती शिवते. संध्याकाळी मान आखडलेली असते आणि तरी भाकऱ्या थापायच्या असतातच. या बाईने विमान शिवलं हे आजही सालवडमध्ये कुणाला पटकन खरं वाटत नाही.

विमान पालघरजवळच्या माहीम गावच्या कमलाकांत चुरींचं. आयुष्यभर जहाजांच्या इंजिनरूममध्ये नोकरी करून ते गावी परतले आणि त्यांनी परदेशातून सुट्या भागांचं विमान मागवलं. दोन माणसं बसतील एवढंच. नळ्यांचा सांगाडा, वर ताणायला कापड, छोटं इंजिन. वाडीत सुपारीच्या झाडांमागे पत्र्याची शेड बांधली. खोकी आली तोवर चुरीकाकांचे हात थरथरायला लागले होते. ओळखीतून कैलास मिळाला. दर रविवारी तो माहीमला जाऊ लागला.

"सहा महिन्यांचं काम आहे," तो घरी म्हणाला.

तेव्हा त्यांची मुलगी प्रतीक्षा शाळेत होती. सांगाडा उभा राहिला तेव्हा ती नर्सिंगला गेली होती.

मग कापडाची पाळी आली. कापड नळ्यांवर चिकटवायचं आणि त्यावर इस्त्री फिरवायची, म्हणजे ते आवळून ढोलासारखं ताणलं जातं. कैलासने इस्त्री जास्त तापवली आणि कापडाला भोक पाडलं. दुसऱ्यांदाही पाडलं. पुढच्या रविवारी तो उषाला म्हणाला, "चल माझ्याबरोबर. एकदाच."

एकदाचं काम कधी एकदाचं नसतं हे उषाला ठाऊक होतं. तरी ती गेली. बोईसरहून एसटीने पालघर, तिथून रिक्षाने माहीम. आठवडाभर मशीनवर आणि रविवारी विमानावर, असं तिचं सुरू झालं.

इस्त्रीनंतर टाके. पंख उभा करून ठेवलेला. आत फासळ्या. मेण लावलेल्या दोऱ्याने प्रत्येक फासळीला कापड बांधून टाकायचं. एकीकडे उषा, दुसरीकडे कैलास, मध्ये पंख. लांब सुई ती आरपार घालायची, तो पलीकडून परत द्यायचा. एकमेकांचे चेहरे दिसायचे नाहीत.

"आली का?"

"आली. खेच."

घरी शिफ्ट आणि झोप यांत जे बोलणं राहून जायचं ते इथे कापडाआडून व्हायला लागलं. एकदा उषा म्हणाली, "मला कंटाळा आलाय हो याचा."

पलीकडे कैलासने दोरा खेचून घेतला. मग सुई परत आली आणि मागोमाग कैलासचा आवाज. "मलाही."

तरी दोघं शिवत राहिली. अर्धवट टाकून जायचं कसं, हे दोघांनाही सुचेना.

शाळा सुरू होण्याच्या तोंडावर एका रविवारी कैलासला ओव्हरटाइम लागला. उषा एकटीच आली. गणवेशांच्या ढिगाने तिची कंबर मोडली होती. पलीकडे काकांची बायको जमनाकाकी उभी राहिली. उषाचे डोळे उभ्या उभ्या मिटत होते. काकी म्हणाली, "उषा, बस गो जरा. चा करते." पण ती बसली नाही, बसले तर उठणार नाही, म्हणाली. फासळीची ओळ संपवूनच ती घरी गेली.

पुढे टाक्यांवर पट्ट्या चिकटवल्या, रंगाचा पहिला हातही झाला. त्या दिवशी कमलाकांतकाका कौतुकाने म्हणाले, "उडताना हवा या कापडाला वर ओढून काढायला बघते. त्याला धरून ठेवतात ते तुझे टाके, बाय."

काका कौतुक करून गेले, पण उषाला ती एकटी आली होती तो रविवार आठवला. त्या रविवारी आपण गाठी कशा मारल्या, तिला आठवेना. आठवडाभर बॉयलर सूट शिवताना ती तेवढंच आठवत राहिली. पुढच्या रविवारी शेडमध्ये शिरल्या शिरल्या म्हणाली, "ती ओळ उसवायची."

कैलास भडकला. "वेड लागलंय का तुला? रंग झालाय! पुन्हा मागे जायचं?"

"मी झोपेत शिवलीय ती."

"कुणी सांगितलं?"

"मीच सांगतेय ना! उद्या तुम्ही वर बसाल. सुटलं तर मी कुणाला विचारू?"

काका खुर्चीत बसले होते. त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "उसवा," ते म्हणाले. "आता घाई कुनाला हाय?"

पट्टी खरवडली, रंग काढला, ओळ उघडी केली. उषाने एकेक गाठ नखाने ओढून पाहिली. सगळ्या घट्ट होत्या. एकही ढिली नव्हती.

तरी खरवडताना दोरा दुखावला असेल म्हणून उषाने ओळ उसवलीच. जमनाकाकी चहा करायला आत गेली. कैलास पंखाच्या पलीकडे जाऊन उभा राहिला आणि त्याने सुईसाठी हात पुढे केला.

उडवायच्या सरकारी परवानगीची वाट बघण्यात दोन पावसाळे गेले. शेवटी पंख सोडवून विमान टेंपोत चढवलं आणि मनोरच्या पलीकडे एका फार्महाउसवाल्याच्या मातीच्या धावपट्टीवर नेलं. कीर्ती नावाची वैमानिक आली. तिने आधी बरेच दिवस एकटीने उडवून पाहिलं. मग एका सकाळी ती कैलासला घेऊन वर गेली. उषा खाली उभी होती. पदराचं टोक तिने मुठीत असं आवळलं होतं की विमान उतरल्यावर बोटं सरळ करायला वेळ लागला.

काकांना डॉक्टरांनी मनाई केली होती. त्यांनी उषाकडे पाहिलं. "जा तू."

ती बसली. विमान धावलं, हादरलं आणि एकदम हलकं झालं. धक्के थांबले. उषाने पंखाकडे पाहिलं. टाक्यांच्या रांगा जागच्या जागी होत्या. ती बघत राहिली, बराच वेळ. काहीच सुटलं नाही. खाली शेतं होती, हायवे होता, लांब तारापूरकडे धुरकट काही दिसत होतं. मशीन नाही, चूल नाही, सुई नाही. हात मांडीवर नुसते पडले होते. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना काही काम नव्हतं.

कीर्तीने काही विचारलं. उत्तर आलं नाही म्हणून वळून पाहते तर उषाकाकूंची मान एका बाजूला कललेली. ती दचकली. मग कळलं, त्या झोपल्या आहेत.

उतरल्यावर कैलास धावत आला. "काय दिसलं?"

"डोळा लागला," उषा ओशाळून म्हणाली.

"एवढी वर्षं केलं आणि तू झोपलीस?"

ती काकांकडे वळली. "राग धरू नका, काका."

"राग कसला?" काकांनी इंजिनच्या कोमट पत्र्यावर हात ठेवला होता. "जहाजावर इंजिन नीट चालू असलं की आमी पण खुशाल झोपायचो. आवाज बदलला की जाग यायची."

विमान तिथल्याच शेडमध्ये ठेवलं. परतताना मनोरला हायवेवरच्या कोंडीत त्यांचा भाड्याचा टेंपो अडकला. कैलासला दुसऱ्या दिवशी पहिली पाळी होती. जमनाकाकीने डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. चौघांनी तिथेच, एकमेकांना टेकून खाल्लं.