मला नको, मशीनला इचारा!

काम्पुटरच्या त्या एसीच्या खोलीत धूळ साचू द्यायची न्हाई, असा साहेबांचा हुकूम. धूळ मी साचू दिली न्हाई. किस्से साचले, त्याला मी काय करू!

मी तिथली शिपाईबाई, कौसामावशी. शाळा चौथीपतोर. परभणीच्या आमच्या हापिसात काम्पुटर आला तवा माझ्या रिटायरला वरीस राहिलं होतं. घरी मी एकटीच. जे काय बोलायचं ते हापिसात. आन् नेमकं हापिसच गप झालं!

आधी निस्ता कलकलाट. "ए शैला, हे कसं करायचं गं?" आता कुनी कायबी इचारलं की साहेबांचं एकच, "मला नको, मशीनला विचारा. मॅन मारा!" मॅन लिवायचं, पुढं जे अडलंय त्याचं नाव लिवायचं. मशीन पोटातलं पुस्तक उघडून सांगतंय म्हनं.

*

सेलूहून रेल्वेनं येनाऱ्या शैलानं इचारलं, "साहेब, हे मॅन कसं वापरायचं?"

"मॅनलाच विचारा. मॅन मॅन मारा."

मी म्हनलं, "म्हंजे सासूचं गाऱ्हानं सासूकडंच!"

शैला हसली. साहेबांनी मान बी वर केली न्हाई.

*

मानवतचा दिगंबर त्या पुस्तकात शिरला, आन् त्याला बाहेरच येता येईना. पानामागं पान! घामाघूम.

"मावशी, बाहेर कसं पडायचं ते कुठं लिवलं असंल?"

"आतच असंल की रे!"

शेवटी गड्यानं बटनच बंद केलं. साहेब असे वराडले! खरं सांगू? लय बरं वाटलं. खोलीत मानसाचा आवाज तर आला.

*

त्या खोलीत जायचं तर चपला बाहेर. एक दिवस मी सगळ्यांचे जोड अदलाबदल करून ठिवले. सुट्टी झाली तशी बोंबाबोंब!

"मावशी, माझी डावी कुठंय?"

"मला कामून इचारतीस? मॅन मार!"

अर्धा तास सगळे बोलायलेत, हसायलेत. साहेब बी एका पायावर हुबे.

घरी आले. दारात चप्पल काढली. तिथं अदलाबदल करायला दुसरा जोडच न्हाई.

*

एकदा बंद होता. एस्टी न्हाई, रेल्वे न्हाई. हापिसात साहेब आन् मी. साहेबांची मानसं दूर गावी, डबा खानावळीचा. भिंतीकडं तोंड करून जेवायचे. मी मुद्दाम चहा दिला न्हाई. म्हनलं, मागतेल तरी.

मागितला न्हाई! दोघं बी दिवसभर बिनचहाचे.

*

रिटायर व्हायच्या दिवशी दिगंबर म्हनला, "मावशी, मशीनीच्या पुस्तकात तुझं बी पान घालतो." आन् वाचून दाखवलं, "नाव: कौसा. काम: झाडू, चहा, खोड्या. कशी वापरायची: हाक मारा. बिघाड: सुरू झाली की बंद होत न्हाई."

"आन् हे खाली मोकळं काय?"

"तिथं 'हे पन बघा' असतंय मावशी. जोडीचं कोन हाय ते लिवायचं. कोन लिवू?"

मी लय इचार केला. "ऱ्हाऊ दे मोकळं."

पुढं पेन्शनच्या कामाला गेले. जेवायची सुट्टी होती. दिगंबरनं हौसेनं माझं पान उघडलं आन् खुर्ची पुढं सरकवून परत वाचलं.

"काय झालं रे?"

"मावशी, 'हे पन बघा' मधी साहेबांचं नाव हाय. म्या न्हाई लिवलं."

शैला म्हनली, "म्या बी न्हाई."

मी वळले. "साहेब, हे कुनी केलं ओ?"

"मला नको, मशीनला विचारा," साहेब भिंतीकडं बघूनच म्हनले. आन् डबा माझ्याकडं सरकवला.